नवे कार्ड, जुना बोर्ड

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील छायाचित्रांचे स्टुडिओ, लग्नपत्रिका छापणारे प्रेस, इमारतींचे नकाशे काढून देणारी कार्यालये आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या खोल्या येथे जे टेबलावरचे संगणक दिसतात, त्यांत एखाद्या कंपनीने तयार करून खोक्यात बंद करून पाठवलेल्या यंत्रांबरोबरच, सुटे भाग निवडून स्थानिक दुकानात जोडून घेतलेली यंत्रेही सर्रास आढळतात. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या व्यापारी संकुलात मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस आणि कॅबिनेट असे भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे घेऊन दुकानदार संगणक उभा करून देतो, त्यावर विंडोज टाकून देतो आणि पुढे काही बिघडले तर तोच भाग बदलून देतो. अशा असेंबल्ड संगणकाचा मोठा गुण हा, की तो एकदम मोडीत न काढता भागाभागाने बदलता येतो. आणि दोषही तिथेच आहे, कारण कोणता भाग कोणाशी जमेल याची हमी कोणतीही एक कंपनी घेत नाही आणि ती जबाबदारी शेवटी दुकानदाराच्या अनुभवावर किंवा ग्राहकाच्या माहितीवर येऊन पडते.

या भागाभागाच्या बदलात सध्या दोन प्रश्न एकाच वेळी पुढे आले आहेत. पहिला प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा आहे, कारण चार-के दर्जाचे चित्रीकरण, त्रिमितीय आराखडे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रम यांना जुन्या यंत्रातील चित्रक्षमता पुरत नाही. दुसरा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे संगणकाचे सर्व भाग आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यात दुवा साधणाऱ्या मूळ प्रणालीचा आहे. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टने दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे विंडोज ११ कडे जायचे की नाही हे ठरवणे भाग पडले. ग्राहक हे दोन बदल सहसा दोन स्वतंत्र खरेद्या समजतो, आज कार्ड घेऊ आणि सवडीने विंडोज बदलू असा त्याचा बेत असतो. प्रत्यक्षात दोन्हींची गाठ मदरबोर्डाशी बांधलेली असते, आणि तो बोर्ड किती जुना आहे हे न पाहता केलेली यांपैकी कोणतीही खरेदी फसण्याची शक्यता बरीच असते.

ग्राफिक्स कार्ड नेमके काय करते, हे आधी पाहावे लागते. पूर्ण एचडी पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि सामान्य पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो, म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. मुख्य प्रोसेसरमध्ये थोडी पण अत्यंत सक्षम गणनकेंद्रे असतात आणि ती गुंतागुंतीची कामे एकामागून एक करण्यासाठी योजलेली असतात. ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये शेकडो किंवा हजारो साधी गणनकेंद्रे असतात आणि ती एकाच प्रकारचे गणित असंख्य ठिपक्यांवर एकाच वेळी करतात. या समांतर गणिताचा उपयोग चित्रापुरताच नाही हे लक्षात आल्यावर एनव्हिडिया कंपनीने कुडा नावाची व्यवस्था आणली आणि त्यानंतर चित्रफितीचे संपादन, हवामानाची प्रतिमाने आणि आता भाषा-प्रतिमाने यांसाठीही हेच कार्ड वापरले जाऊ लागले. कार्डावर स्वतःची स्मृती असते, तिला व्हीरॅम म्हणतात; काम त्या स्मृतीत मावले नाही तर कार्डाला संगणकाच्या मुख्य रॅमकडे वारंवार धाव घ्यावी लागते आणि मग कागदावर वेगवान दिसणारे कार्डही रेंगाळते. बहुतेक प्रोसेसरांमध्ये एक लहानसे अंगभूत ग्राफिक्स असतेच आणि पत्रव्यवहार, टॅली, इंटरनेट एवढ्यासाठी ते पुरेसे असते. ज्या कार्यालयात एवढेच काम आहे, तिथे वेगळ्या कार्डावर खर्च करण्याचे काही कारण नाही. तिथला संगणक हळू चालतो तो बहुधा फिरत्या हार्ड डिस्कमुळे, आणि तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो कोणत्याही कार्डाने पडत नाही.

कार्ड बसवून पडद्याची क्षमता वाढवण्याचा मराठीशी असलेला संबंध बराच जुना आहे, आणि तो आज फारसा कोणाला आठवत नाही. डॉस प्रणालीच्या काळात संगणकाच्या पडद्यावर देवनागरी आणणे हे निव्वळ कार्यक्रम बदलून साधणारे काम नव्हते, कारण पडद्यावर ठरावीक चौकटीत ठरावीक रोमन अक्षरेच उमटत आणि जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांची मांडणी त्या चौकटीत बसत नसे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले या प्रश्नावरचे संशोधन पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आले आणि त्यातून जिस्ट कार्ड हे संगणकाच्या खाचेत बसवायचे उपकरण सिद्ध झाले. हे कार्ड बसवले की मुळात इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या कार्यक्रमांतही मराठी मजकूर लिहिता-वाचता येई, कारण अक्षरे जुळवून ती पडद्यावर उमटवण्याचे काम कार्डच अंगावर घेई. अक्षरांच्या साठवणीसाठी आयएससीआयआय ही संकेतप्रणाली आणि टंकनासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलकही त्याच धारेतून रूढ झाला. म्हणजे महाराष्ट्रात कार्डाचा प्रश्न आधी लिपीच्या गरजेतून उभा राहिला आणि खेळ, चित्रपट यांची गरज पुष्कळ नंतर आली.

आजचे कार्ड मदरबोर्डावरील ज्या लांब खाचेत बसते तिला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. या खाचेत माहितीच्या ये-जा करण्याच्या १६ मार्गिका असतात आणि तिच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत मार्गिकेचा वेग साधारण दुप्पट होत गेला आहे. दुसऱ्या आवृत्तीत एका मार्गिकेतून एका दिशेने सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट, तिसऱ्या आवृत्तीत सुमारे १ गिगाबाइट आणि चौथ्या आवृत्तीत सुमारे २ गिगाबाइट माहिती जाते. नवे कार्ड जुन्या खाचेत बसते आणि चालतेही, फक्त खाचेच्या वेगाने चालते, आणि १६ मार्गिका वापरणाऱ्या कार्डाला त्यामुळे फार मोठा फटका बसत नाही. फसवणूक स्वस्त कार्डांत होते. एएमडी कंपनीचे २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड खाचेत पूर्ण लांबीचे दिसत असले तरी त्यात मार्गिका फक्त ४ आहेत. चौथ्या आवृत्तीच्या बोर्डावर त्यांतून सेकंदाला ८ गिगाबाइटच्या आसपास माहिती जाते, पण चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांबरोबर ज्या एच८१ सारख्या बोर्डांची भारतात भरपूर विक्री झाली, त्यांची खाच दुसऱ्या आवृत्तीची असल्याने तेच कार्ड तिथे २ गिगाबाइटवर येते. शिवाय या कार्डात चित्रफीत संकुचित करून लिहिण्याची यंत्रणाच नाही, त्यामुळे संपादन करणाऱ्या व्यावसायिकाच्या दृष्टीने ते निरुपयोगी आहे. खोक्यावर ठळक छापलेला क्रमांक यातले काहीच सांगत नाही.

खाचेनंतर विजेचा विचार येतो, आणि खानदेशातल्या जुन्या यंत्रांत बहुतेक बेत इथेच अडतात. पीसीआय एक्सप्रेसची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देऊ शकते. त्याहून अधिक लागली तर एसएमपीएसमधून, म्हणजे घरच्या २३० व्होल्ट विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणाऱ्या डब्यातून, वेगळी वायर कार्डाला जोडावी लागते, आणि त्यातील सहा टोकांच्या जोडणीतून आणखी ७५ तर आठ टोकांच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या किंवा किरकोळ किमतीत मिळालेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट असा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, परंतु त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. त्याच्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. तिथे १८ अँपिअर लिहिलेले असतील तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट एवढीच वीज प्रोसेसर, कार्ड आणि पंखे यांच्या वाट्याला येते, उरलेला आकडा इतर व्होल्टेजांचा आणि छपाईचा असतो. त्या २१६ वॅटमधून जुन्या आय-५ प्रोसेसरसाठी ७७ वॅट आणि डिस्क-पंख्यांसाठी थोडे वजा केले, तर १७० वॅटचे आरटीएक्स ३०६० कार्ड त्यावर चालवणे म्हणजे संगणक भर कामात बंद पडण्याची सोय करणे होय. अशा वेळी हार्ड डिस्कच्या जुन्या चार टोकांच्या वायरींना कन्व्हर्टर लावून कार्डाची जोडणी भागवण्याची युक्ती केली जाते. ती करू नये, कारण त्या वायरी एवढा प्रवाह वाहण्यासाठी नसतात आणि त्यांची टोके वितळल्याचे प्रकार घडतात. एसएमपीएस बदलायचा नसेल तर खाचेतल्या विजेवरच भागणारे कार्ड निवडणे शहाणपणाचे ठरते. ७५ वॅटचे जीटीएक्स १६५० किंवा २०२४ मध्ये आलेले ७० वॅटचे, ६ गिगाबाइट स्मृतीचे आरटीएक्स ३०५० ही त्या वर्गातील उदाहरणे आहेत. त्याच नावाचे ८ गिगाबाइटचे आरटीएक्स ३०५० मात्र १३० वॅट घेते आणि त्याला वेगळी वायर लागते, म्हणून बिलावर नावाबरोबर स्मृतीचा आकडाही लिहून घ्यावा.

विजेचा दुसरा पैलू यूपीएसचा आहे. खेड्यांत आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत वीज मध्येच जाणे, दाब खालीवर होणे ही नित्याची बाब असल्याने संगणकाबरोबर ६०० व्हीएचा यूपीएस घेतला जातो, पण व्हीए आणि वॅट हे एक नव्हेत. अशा यूपीएसची खरी क्षमता साधारणपणे ३६० वॅट असते. कार्ड पूर्ण ताकदीने चालत असताना संगणक आणि पडदा मिळून ३०० वॅटच्या पुढे गेले, तर वीज गेल्यावर काम साठवण्याइतकाही अवधी मिळेलच असे नाही. शिवाय चांगल्या दर्जाच्या काही नव्या एसएमपीएसना स्वच्छ तरंगाची वीज लागते आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्यापायऱ्यांच्या आकाराचा तरंग देतो, त्यामुळे नवा महागडा एसएमपीएस बसवल्यावर वीज जाताच संगणक बंद पडू शकतो आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो.

उष्णता हा तर या प्रदेशाचा स्वतःचा विषय आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो संध्याकाळीही फारसा उतरत नाही. कार्डावरचा पंखा खोलीतलीच हवा कार्डावर सोडतो, त्यामुळे खोलीचे तापमान १० अंशांनी वाढले की कार्डाचे तापमानही साधारण तेवढेच वाढते; २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड ४२ अंशांच्या खोलीत ८५ च्या पुढे जाऊ पाहते, आणि तिथे पोहोचल्यावर कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. परदेशी चाचण्यांचे आकडे वातानुकूलित खोल्यांतले असतात, आणि तेच कार्ड इथे तेवढे काम का करत नाही याचे उत्तर पुष्कळदा या एवढ्या गोष्टीत असते. कापसाच्या पट्ट्यात हवेतली सूक्ष्म तंतुमय धूळ कार्डाच्या पंख्याखालच्या पत्र्यांत नमद्यासारखी बसते आणि हवा जाण्याची वाटच बंद होते. वर्षातून दोनदा कार्ड काढून ते साफ करणे आणि दोन-तीन वर्षांनी चिप व पत्रे यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे हे इथे ऐच्छिक समजू नये. उपाय म्हणून कॅबिनेट उघडे ठेवून त्यावर वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर सोडला जातो, तो मात्र घातक आहे, कारण कूलरची हवा दमट असते, पाण्याचे बारीक तुषार आणि क्षार तिच्याबरोबर येतात, ते धुळीत मिसळून बोर्डावर बसतात आणि तांब्याच्या रेषा गंजवतात. कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा असे दोन साधे पंखे लावणे यापेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगी पडते.

नेमक्या या उन्हाळ्याच्या महिन्यांत कार्डावर सर्वाधिक ताण येतो, कारण तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली लग्नसराई आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास ऐन भरात असते आणि लग्नाच्या चित्रफितींचे मिक्सिंग करून देणारे स्टुडिओ रात्रंदिवस चालू असतात. त्यांच्या जोडीला अहिराणी गाण्यांचे आणि विनोदी प्रसंगांचे व्हिडिओ करणारी नवी मंडळी आहेत, त्यांचेही काम याच प्रकारच्या यंत्रांवर होते. या व्यवसायात कार्ड बदलल्यावर वेग वाढण्याऐवजी कमी झाल्याची तक्रार ऐकू येते आणि ती खोटी नसते. मिक्सिंगसाठी इथे रूढ असलेल्या एडियस या संपादनप्रणालीचा भर बराच काळ इंटेल प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्समधील क्विक सिंक या यंत्रणेवर राहिला, म्हणजे कॅमेऱ्याने संकुचित केलेली फीत उलगडण्याचे आणि शेवटी पुन्हा संकुचित करून लिहिण्याचे काम प्रोसेसरमधला तो लहान भाग करीत असे. बोर्डावर वेगळे कार्ड बसवले की अनेक बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. त्याबरोबर क्विक सिंकही नाहीसे होते आणि सारा भार पुन्हा मुख्य प्रोसेसरवर पडतो. उपाय साधा आहे, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ मांडणीत, जाऊन अंगभूत ग्राफिक्स कार्डाबरोबरच चालू राहील असा पर्याय निवडायचा आणि विंडोजमध्ये त्याचाही ड्रायव्हर टाकायचा. परंतु हा पर्याय माहीत नसल्यामुळे चांगली कार्डे दुकानात परत आणली जातात. दाविंची रिझॉल्व्ह या प्रणालीचे उलट आहे, तिचे रंगसंस्करण जवळजवळ सर्वस्वी कार्डावर आणि त्याच्या स्मृतीवर चालते, तर प्रीमियर या प्रणालीला २०१० च्या सीएस५ आवृत्तीपासून कुडाचा आधार मिळाला आहे. म्हणून कोणते कार्ड घ्यावे हा प्रश्न विचारण्याआधी संपादन कोणत्या प्रणालीत होते हे सांगावे लागते.

कॅमेऱ्याचाही यात वाटा असतो. नवे कॅमेरे रंगाची अधिक माहिती राखणाऱ्या, १० बिट आणि ४:२:२ या प्रकारच्या फिती देतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे अंगभूत ग्राफिक्स एचईव्हीसी या संकुचनपद्धतीतल्या अशा फिती सहज उलगडते, पण एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेआधी नव्हती. त्यामुळे चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर आरटीएक्स ३०६० बसवणाऱ्या स्टुडिओला नव्या कॅमेऱ्याची फीत अडखळतच दिसते, आणि त्याच पैशात बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलून कार्ड न घेताही त्याचे काम अधिक सुरळीत झाले असते.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या बदलात हिशेब आणखी काटेकोर होतो. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ साठी ४ गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट जागा एवढीच किरकोळ गरज सांगितलेली आहे, मात्र त्याबरोबर तीन अटी आहेत: प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेचा अथवा त्यानंतरचा, थोड्या अपवादांसह, असावा, संगणकात टीपीएम २.० ही कूटकिल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय असावी, आणि संगणक यूईएफआय या नव्या पद्धतीने सिक्युअर बूटसह सुरू होऊ शकावा, म्हणजे सुरू होताना फक्त सही असलेलाच कार्यक्रम चालू देण्याची क्षमता त्यात असावी. एच६१, एच८१ आणि एच११० हे बोर्ड ज्या पिढ्यांसाठी होते त्या या यादीत बसत नाहीत. एच३१० किंवा बी४५० सारख्या नंतरच्या बोर्डांवर टीपीएम वेगळे विकत घ्यावे लागत नाही, ते चिपसेट किंवा प्रोसेसर यांत अंगभूतच असते, फक्त बायोसमध्ये पीटीटी किंवा एफटीपीएम या नावाने बंद ठेवलेले असते. ते चालू केले की ‘हा संगणक चालणार नाही’ असे सांगणारा मायक्रोसॉफ्टचा तपासणी कार्यक्रम होकार देऊ लागतो. अटी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ टाकण्याचे मार्ग उपलब्ध आहेत आणि दुकानांत ते वापरलेही जातात, पण अशा यंत्राला पुढची अद्यतने मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २०२४ च्या २४एच२ या आवृत्तीने तर कोअर २ ड्युओच्या काळातील प्रोसेसरांवर सुरू होणेच थांबवले. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा ग्राहकांचे हिशेब आहेत त्यावर असा आडमार्ग वापरू नये.

कार्ड आणि विंडोज यांची गाठ इथे प्रत्यक्ष दिसते. जुन्या यंत्रांवर विंडोज पुष्कळदा जुन्या बायोस पद्धतीने टाकलेले असते आणि डिस्कची विभागणी एमबीआर प्रकारची असते. सिक्युअर बूट हवे तर बोर्डातील जुन्या पद्धतीशी जुळवून घेणारी सीएसएम ही सोय बंद करावी लागते, आणि ती बंद केली की दोन गोष्टी एकदम घडू शकतात. डिस्क जुन्या पद्धतीची असल्याने विंडोज सुरू होत नाही, आणि कार्डात यूईएफआयला समजणारी जीओपी ही चित्रप्रणाली नसेल तर ‘डिस्प्ले येत नाही’, म्हणजे पडदा पूर्ण काळाच राहतो, अगदी बायोसचा पडदाही दिसत नाही. एनव्हिडियाच्या ९०० मालिकेपासूनची कार्डे या बाबतीत सहसा अडत नाहीत, त्याआधीच्या अनेक कार्डांत ही उणीव आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी सर्व माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. मग विंडोज १० चालू असतानाच त्यातील एमबीआरटूजीपीटी या साधनाने डिस्कची विभागणी बदलावी. त्यानंतर जुने कार्ड जीओपी नसलेले असेल तर ते काढून अंगभूत ग्राफिक्सवर किंवा नव्या कार्डावर पडदा जोडावा, आणि मगच सीएसएम बंद करून सिक्युअर बूट चालू करावे. ‘फॉरमॅट मारून’ सगळे नव्याने टाकण्याची सवय असलेल्या कारागिराला हा क्रम लांबलचक वाटतो, पण त्यात वीस वर्षांच्या फितींची आणि फोटोंची डिस्क चुकून पुसली जाण्याचा धोका नसतो. नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यास डिस्क आपोआप कूटबद्ध होऊ शकते, हेही आधी माहीत असावे. पुढे बायोसमध्ये बदल केला की संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागतो आणि ती खात्यात असते, पण खाते दुकानातल्या मुलाच्या मोबाइलवरून काढलेले असेल तर पंचाईत होते.

कार्डाचा ड्रायव्हर हा या दोन बदलांना जोडणारा आणखी एक दुवा आहे. ड्रायव्हर म्हणजे विंडोजच्या आज्ञा विशिष्ट कार्डाला समजतील अशा रूपात पोहोचवणारा कार्यक्रम. कंपनी तो ठरावीक वर्षेच अद्ययावत ठेवते. जीटीएक्स ७५०, ९०० आणि १००० या मालिकांसाठी एनव्हिडियाने नियमित ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले असून सुरक्षेपुरती अद्यतने ऑक्टोबर २०२८ पर्यंत जाहीर केली आहेत, आणि विंडोज १० वरील नव्या कार्डांसाठी नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याचे सांगितले आहे. म्हणजे जुन्या बाजारातून घेतलेले जीटीएक्स १०५० टीआय आजही चालते, परंतु नव्या विंडोजसाठी म्हणून ते मुद्दाम घेणे शहाणपणाचे नाही. एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे बसवताना जुना ड्रायव्हर मागे राहिल्याने पडदा लुकलुकणे, संपादनप्रणाली अचानक बंद होणे असे प्रकार होतात. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून जुना ड्रायव्हर पूर्ण काढला की त्यांतले बरेच थांबतात.

जुनी कार्डे घेताना इथले ग्राहक सर्वाधिक फसतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर चालणारे खनन बंद केल्यावर वर्षानुवर्षे अखंड चाललेली कार्डे जगभर जुन्या बाजारात आली आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ती जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचली. त्याखेरीज जुन्या, कमकुवत कार्डाची आतली नोंद बदलून त्याला नव्या कार्डाचे नाव देण्याची लबाडीही चालते. जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा कार्यक्रम अशा कार्डापुढे बनावट असा शेरा दाखवतो, म्हणून पैसे देण्याआधी तो दुकानातच चालवून पाहावा. विंडोजच्या परवान्याबाबत एवढेच, की कार्ड बदलल्याने तो जात नाही, परंतु संगणकाबरोबर आलेला परवाना मदरबोर्डाला बांधलेला असतो आणि बोर्ड बदलला की तो लागू राहत नाही.

ज्यांना बोर्डही बदलायचा नाही आणि आडमार्गही नको, त्यांच्यापुढे दोन पर्याय उरतात. विंडोज १० ची सुरक्षा अद्यतने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात, हा एक. आणि लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, हा दुसरा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू जुन्या यंत्रावर हलकेपणाने चालते, युनिकोड मराठी त्यात उत्तम दिसते, एएमडीच्या कार्डांचा ड्रायव्हर त्याच्या गाभ्यातच असतो आणि एनव्हिडियाचा वेगळा टाकावा लागतो. अभ्यास, लेखन, ब्राउझर यांसाठी ते पुरेसे आहे, मात्र कोरलड्रॉ आणि एडियस त्यावर चालत नाहीत, त्यामुळे प्रेस आणि स्टुडिओ यांना तो मार्ग बंद आहे.

प्रेसची अडचण आणखी खोल आहे. धुळ्याच्या क्रमांकांच्या गल्ल्यांपासून चाळीसगाव-अमळनेरपर्यंत मराठी डीटीपी ज्या काळात उभे राहिले, त्या काळात पेजमेकर आणि कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्या, त्यांच्या जोडीला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकची आयएसएम ही टंकप्रणाली, अशी व्यवस्था होती. त्या प्रणालींतील अक्षरे युनिकोडमध्ये नसतात. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे ठरावीक फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. परवान्याची खूण म्हणून संगणकाच्या मागे लावायचे डोंगल असे, जुने डोंगल प्रिंटरच्या समांतर पोर्टवर लागत, आणि बहुतेक नव्या बोर्डांवर ते पोर्टच नसते. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत मिळते, त्यात १६ बिटांचे कार्यक्रम मुळीच चालत नाहीत आणि डोंगलचे ३२ बिटांचे जुने ड्रायव्हरही स्वीकारले जात नाहीत. अडोबीने तर टाइप १ प्रकारच्या फॉन्टांचा आधार जानेवारी २०२३ मध्ये आपल्या कार्यक्रमांतून काढून टाकला. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत, पण प्रत्येक टंकप्रणालीची मांडणी वेगळी असल्याने रफार, अर्धा र, ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ अशी जोडाक्षरे बिघडतात आणि पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते. पंचवीस वर्षांच्या पत्रिकांचा आणि ग्रंथांचा साठा असलेल्या प्रेसला ते परवडत नाही. अशा ठिकाणी व्यवहार्य वाटतो तो मार्ग असा, की यूएसबी डोंगल असेल तर नव्या संगणकात आभासी यंत्र तयार करून त्यात जुनी विंडोज चालवावी आणि डोंगल त्या आभासी यंत्राला जोडून द्यावे. डोंगल समांतर पोर्टाचे असेल तर जुने यंत्र तसेच ठेवून त्याची इंटरनेटची वायर काढावी, त्याचा एसएमपीएस आणि बायोसची नाण्याएवढी बॅटरी बदलून घ्यावी, हार्ड डिस्कची पूर्ण प्रत करून ठेवावी, आणि जुळवलेले पान पीडीएफ करून पेन ड्राइव्हने नव्या संगणकावर न्यावे.